गोलावरच्या कणांचं सिम्युलेशन: या चुका टाळा

ध्रुवांजवळ कणांची गर्दी दिसली की लगेच आकर्षणबलाकडे बोट दाखवू नका. आधी कण कसे ठेवले ते तपासा. थीटा (ध्रुवापासून मोजलेला कोन) ० ते १८० अंशांत समान संभाव्यतेने निवडला, तर गर्दी होणारच. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, नागपुरात १०४ आणि ध्रुवावर शून्य; जागाच आटत जाते. म्हणून थीटा नव्हे, कोसाइन थीटा −१ ते १ मध्ये समान निवडा. मॉन्टे कार्लोत (कणांच्या यादृच्छिक हालचाली सुचवून त्या स्वीकारायच्या की नाकारायच्या हे ठरवणाऱ्या पद्धतीत) थेट थीटा आणि फाय (रेखांशाचा कोन) हलवत असाल, तर स्वीकाराच्या अटीत नव्या आणि जुन्या साइन थीटाचं गुणोत्तर हवंच.

खरा घात होतो तो जी ऑफ आर काढताना, म्हणजे एका कणापासून ठरावीक अंतरावर इतर कण सरासरीच्या किती पट सापडतात याचा आलेख काढताना. नागपूरच्या झिरो माइलभोवती १०,००० किलोमीटरवरून वर्तुळ काढलं, तर सपाट सूत्राने त्याचा परीघ सुमारे ६२,८०० किलोमीटर येतो. पृथ्वीवर तो जेमतेम ४०,००० भरतो. कोडमध्ये सपाट परिघानेच भागलं, तर लांबच्या अंतरावर आलेख एकच्या खाली घसरत जातो आणि कणांमध्ये लांब पल्ल्याचं अपाकर्षण असल्याचा भास होतो. कित्येक दिवस त्या नसलेल्या बलाचं स्पष्टीकरण शोधण्यात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. परीघ २ पाय गुणिले गोलाची त्रिज्या गुणिले साइन (अंतर भागिले गोलाची त्रिज्या) असाच घ्या. मग सगळी बलं बंद करून आदर्श वायू चालवा. आलेख सगळीकडे एकवर सपाट आला नाही, तर पुढे जाऊच नका.

अंतर जीवेचं (गोलाच्या आतून सरळ रेषेत) की पृष्ठभागावरचं, हे मॉडेलनुसार ठरवा. भौतिकशास्त्रज्ञ थॉमसनच्या १९०४ च्या प्रश्नात गोलावरचे विद्युतभार एकमेकांना अवकाशातून ढकलतात, म्हणून तिथे जीवा. पृष्ठभागावरचं अंतर काढताना आर्ककोसाइनमधून नॅन (संख्या नसलेलं उत्तर) येत असेल, तर दोन कणांच्या एकक सदिशांचा अदिश गुणाकार राउंडिंगमुळे एकच्या किंचित वर गेलेला असतो; त्याऐवजी सदिश गुणाकाराचं मान आणि अदिश गुणाकार घेऊन आर्कटॅन-२ (दोन संख्यांवरून कोन देणारं फंक्शन) वापरा.

जीवेने मोजलेलं सरासरी वर्ग-विस्थापन (कण सुरुवातीच्या जागेपासून किती दूर गेले त्याच्या वर्गाची सरासरी) गोलाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या दुपटीवर थांबतं. कण काचेसारखे जागीच अडकले असं नव्हे, गोल संपला आहे. विसरण गुणांक (कण किती वेगाने पसरतात ते) सुरुवातीच्या भागातूनच काढा.

दाट द्रवात पाच शेजारी असलेले कण दिसले, तर थंड करण्यात घाई झाली असं समजू नका. गोलावरच्या जाळ्यासाठीच्या ऑयलरच्या सूत्रामुळे (बिंदू वजा कडा अधिक पृष्ठं = २) ते टळतच नाहीत. २००३ मध्ये पाण्याच्या थेंबांवरच्या कोलॉइड (अतिसूक्ष्म) मण्यांच्या प्रयोगात पाच-सात शेजाऱ्यांच्या साखळ्याही दिसल्या. प्रत्येक फ्रेममध्ये सहा वजा शेजारी यांची बेरीज काढा. ती नेमकी १२ नसेल, तर चूक त्रिकोणीकरणाच्या (शेजारचे कण जोडून त्रिकोणांचं जाळं बनवणाऱ्या) कोडमध्ये आहे.