पीडीएफच्या पानांची इमेज करायची पण अक्षरं फुटली नाही पाहिजेत

सोसायटीची नोटीस, मंडळाचा अहवाल, लग्नपत्रिका, असलं काही पीडीएफ करून ग्रुपवर टाकलं की बरेच जण उघडतच नाहीत, इमेज असली की लगेच वाचतात. ऑनलाइन फॉर्मलाही कित्येकदा जेपीजीच लागते. मग लोक काय करतात, मोबाईलवर पान उघडून स्क्रीनशॉट मारतात आणि बारीक मराठी अक्षरातले रफार, अनुस्वार गायब. स्क्रीनशॉटमधे स्क्रीनवर असतात तेवढेच पिक्सेल येतात, मूळ फाईल कितीही चांगली असली तरी.

आधी डीपीआय ठरवा, सगळा खेळ त्याचाच आहे. एक इंचात किती ठिपके, तो हा आकडा. ए-फोर पान १५० ला केलं तर १२४० बाय १७५४ पिक्सेलची इमेज होते, ३०० ला २४८० बाय ३५०८. मोबाईलवर वाचायला १५० पुरतं, पण जोडाक्षरं बारीक असतील तर २०० घ्या, प्रिंट काढायची तर ३००. पान मुळात स्कॅन केलेलं असेल तर स्कॅनपेक्षा जास्त डीपीआय देऊन काही मिळत नाही, फाईल फक्त जड होते.

विंडोजवर मी गिंप (GIMP) हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर सांगेन, फुकट आहे. त्यात पीडीएफ ओपन केली की एक खिडकी येते, पानं दिसतात, हवी ती सिलेक्ट करा, 'लेयर्स' ऐवजी 'इमेजेस' निवडा म्हणजे प्रत्येक पान वेगळं उघडतं, रिझोल्यूशनच्या चौकटीत आपला आकडा टाका आणि इम्पोर्ट. मग फाइल मेनूत 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'. मॅकवाल्यांना काही घ्यायला नको, मॅकमधेच असलेल्या प्रिव्ह्यू अ‍ॅपमधे उघडा, फाइल, एक्स्पोर्ट, फॉरमॅट आणि रिझोल्यूशन तिथेच बदलता येतं, फक्त एका वेळी एकच पान जातं.

लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधलं ड्रॉ पण हे करतं, पण मराठीसाठी जपून, कारण ते पीडीएफ एडिट करायला उघडतं आणि फॉन्ट आपल्याकडे नसला तर दुसराच लावतं, की जोडाक्षरं विस्कटली. वर्डमधे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाईप केलेलं असेल तर ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथेच आधी पीडीएफ करून घ्या, नाहीतर दुसरीकडे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

नुसता मजकूर असेल तर पीएनजी, कडा स्वच्छ राहतात. फोटो जास्त असतील किंवा फॉर्मला केबीची मर्यादा असेल तर जेपीजी. गिंपमधे जेपीजी एक्स्पोर्ट करताना प्रिव्ह्यूवर टिक केलं की फाईल किती केबीची होणार ते आधीच दिसतं, तो आकडा बघत क्वालिटी हळूहळू खाली आणा. तरीही बसत नसेल तर डीपीआय कमी करून परत इम्पोर्ट करा, क्वालिटी अगदी तळाला नेली की अक्षरांभोवती डाग येतात.

आणि कळकळीने सांगतो, आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, मेडिकल रिपोर्ट यातलं काहीही कुठल्यातरी फुकट कन्व्हर्टर वेबसाइटवर चढवू नका, आपली फाईल त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि पुढे तिचं काय होतं ते आपल्या हातात नसतं. वरच्या पद्धतीत सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. ई-आधार उघडताना पासवर्ड मागेल, तो म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमधे आणि पुढे जन्मवर्ष. चालत असेल तिथे मास्क्ड आधारच डाउनलोड करून वापरा, त्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून टाकलं की तो परत दाबून लहान करतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून जोडा. पानं दहापेक्षा जास्त असतील तर नावं ०१, ०२ अशी द्या, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर थेट १० नंबरचं पान येतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.