दोघांच्या संवादातील वर्तनक्रमाचे सांख्यिकीय विश्लेषण कसे करावे

‘तक्रार केली की समोरचा लगेच स्वतःचा बचाव करू लागतो’ असे आपण सहज म्हणून जातो; परंतु तो एरवीही तितकाच बचाव करत असेल, तर या विधानात काही उरत नाही. म्हणून क्रम-विश्लेषणात प्रश्न असा विचारावा: आधीची कृती कळल्यामुळे पुढच्या कृतीचा अंदाज अधिक नेमका येतो का?

सर्वप्रथम वर्तनाचे गट ठरवावेत. प्रत्येक कृती एका आणि एकाच गटात बसली पाहिजे. ध्वनिचित्रमुद्रणाचा काही भाग दोन निरीक्षकांकडून स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा आणि त्यांची सहमती नुसत्या टक्केवारीत न मांडता, योगायोगाने जुळणारा भाग वगळणाऱ्या कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने (१९६०) तपासावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण इथली ढिलाई पुढचे कोणतेही सूत्र भरून काढत नाही.

त्यानंतर संक्रमण-सारणी मांडावी, म्हणजे पहिल्याच्या कोणत्या कृतीनंतर दुसऱ्याची कोणती कृती किती वेळा आली ते मोजावे. समजा, लागोपाठच्या कृतींच्या अशा २०० जोड्यांपैकी ४० मध्ये पहिल्याने तक्रार केली, एकूण ६० मध्ये दुसऱ्याने बचाव केला आणि तक्रारीनंतर बचाव २४ वेळा आला. दोन्ही कृती परस्परांशी निगडित नसत्या, तर ४० × ६० ÷ २००, म्हणजे १२ वेळाच तसे अपेक्षित होते.

हा फरक योगायोगाचा आहे का, हे समायोजित अवशेषावरून, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतील फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागून येणाऱ्या आकड्यावरून, ठरते. १२ च्या फरकाला १२ × ०.८ × ०.७ च्या वर्गमुळाने भागल्यास सुमारे ४.६३ येतात, १.९६ ही (पाच टक्के सार्थकता पातळीची) रूढ मर्यादा त्याने सहज ओलांडली. यातील ०.८, म्हणजे तक्रार नसलेल्या जोड्यांचे प्रमाण, जुन्या सूत्रात नव्हते. ती त्रुटी अ‍ॅलिसन आणि लायकर यांनी १९८२ मध्ये दाखवून दिली. अपेक्षित संख्या पाचाहून कमी असेल, तर मात्र या आकड्यावर विसंबू नये; त्याऐवजी नोंदींचा क्रम संगणकावर हजारो वेळा पिसून तुलना करावी.

संवाद लांबला की तोच संबंध असतानाही अवशेष फुगतो, म्हणून दोन जोडप्यांची तुलना त्यावरून करणे मला चुकीचे वाटते. त्यासाठी यूलचा क्यू, म्हणजे संबंधाची ताकद −१ ते +१ या मापात सांगणारा गुणांक, काढावा. सारणीच्या चार चौकटींत (तक्रार व बचाव, फक्त तक्रार, फक्त बचाव, दोन्ही नाहीत) २४, १६, ३६ आणि १२४ असताना तो (२९७६ − ५७६) ÷ (२९७६ + ५७६), म्हणजे सुमारे ०.६८ येतो. तो प्रत्येक जोडप्यासाठी वेगळा काढावा आणि पुढील चाचणीत जोडप्यालाच एकक मानावे. सगळ्यांच्या नोंदी एकत्र ओतल्यास, एकाही जोडप्यात नसलेला संबंध एकत्रित सारणीत दिसू शकतो.

शेवटी, दुसऱ्याचा बचाव हा त्याच्याच आधीच्या बचावाचा नुसता पुढचा भाग तर नाही ना, हे लॉजिस्टिक प्रतिगमनात (एखादी कृती घडण्याची शक्यता अनेक घटकांवरून एकत्र मांडणाऱ्या पद्धतीत) त्याची मागील कृती समाविष्ट करून तपासावे.