पूरकथेतलं दप्तर

किशोरांसाठी पूरकथा, म्हणजे पुरात अडकलेल्या मुलांची गोष्ट, लिहिताना पाचव्या प्रकरणात मुलांकडे अचानक टॉर्च, दोरी उगवते आणि वाचकाचा विश्वास उडतो. माझा उपाय:

१. पहिल्या ओळीआधी प्रत्येकाच्या दप्तराची यादी करा. समजा, २६ जुलै २००५, मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस: अर्धी बाटली पाणी, डब्यात उरलेली दीड पोळी, कंपासपेटी, पीसीओसाठी (सार्वजनिक फोनसाठी) रुपयाची दोन नाणी.

२. प्रकरण संपलं की वापरलेलं खोडा, भिजलेलं वेगळं मांडा. ती दीड पोळी कोणी कोणाला दिली, खरी गोष्ट मला तिथेच सापडते.

३. यादीत नाही ते पात्राच्या हातात नको.

एक मात्र सांभाळा: कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाणं शौर्य म्हणून रंगवू नका. त्या पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही, आणि मुलं वाचलेलं करून बघतात.