टीमकडे निर्णय सोपवायचे म्हणजे नक्की काय करायचं?

नवीन टीम लीड झालेले किंवा स्वतःचा छोटा बिझनेस काढलेले बरेच जण विचारतात की माणसं हुशार आहेत, पगार वेळेवर होतो, तरी सगळं माझ्याच टेबलावर येऊन का अडकतं. मी जेवढं बघितलंय त्यात कारण बहुतेक वेळा एकच, कामं वाटून दिलेली असतात पण निर्णय कुणालाच दिलेले नसतात. कस्टमरला रिप्लाय टीममधला माणूस करणार, पण काय लिहायचं ते तुम्हाला विचारून, मग तुम्ही मीटिंगमध्ये बसलात की कस्टमर पण बसला वाट बघत.

"तुला योग्य वाटेल ते कर" हे सांगून काही होत नाही, उलट माणूस साहेबांना काय योग्य वाटेल याचा अंदाज बांधत बसतो. मर्यादा आकड्यात सांगा. रिट्झ-कार्लटन हॉटेलमध्ये पाहुण्याची अडचण सोडवायला कर्मचाऱ्याला २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असायची, मॅनेजरला न विचारता. रोज कोण एवढा खर्च करतंय, पण आपल्याला कुठपर्यंत जाता येतं ते माहीत असलं की हात थरथरत नाही. आम्ही रिफंड आणि डिस्काउंटला अशीच लिमिट ठेवली, त्याच्या आत कुणी विचारायचं नाही आणि नंतर मीही "का दिलं" म्हणून उलटतपासणी घ्यायची नाही. हे दुसरं जास्त अवघड जातं, खरं सांगतो.

आणि आकडे दाखवा हो. ज्याला मार्जिन, म्हणजे विक्रीवर आपल्याला किती सुटतं ते, माहीत नाही तो डिस्काउंट कसा ठरवणार? पगार उघडे करायची गरज नाही, पण खर्च, मार्जिन, अडकलेलं पेमेंट एवढं तरी टीमला दिसायला हवं.

मग येतो तो रोजचा प्रश्न, "सर, काय करू?" डेव्हिड मार्के १९९९ मध्ये सांता फे या अमेरिकन पाणबुडीचे कॅप्टन झाले, तिथे त्यांनी परवानगी मागायची पद्धतच बदलली, अधिकाऱ्याने येऊन "मी असं करणार आहे" म्हणायचं आणि विचार नीट केलाय हे दाखवायचं. आम्ही तेच मेसेजवर करतो, काय करणार आणि का, दोन ओळीत. सुरुवातीला लोक "का" लिहीतच नाहीत, तेव्हा उत्तर देऊन टाकायचा मोह होतो, देऊ नका, उलट प्रश्न विचारा. वेळ जातो, जाऊ द्या.

काहीतरी बिघडल्यावर तुम्ही कसे वागता यावर तर सगळंच अवलंबून आहे. टोयोटाच्या कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर काम करणारा कुणीही तिथे लावलेली दोरी ओढून प्रॉब्लेम कळवू शकतो, टीम लीडर लगेच येतो आणि तेवढ्यात सुटला नाही तर लाइन थांबते. आता तो लीडर येऊन ओरडायलाच लागला तर उद्या दोरी कोण ओढणार? वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला आधी थँक्यू म्हणा, चौकशी नंतर.

सगळंच सोपवू नका पण. कर्ज, मोठे करार, कुणाला काढायचं, हे मी स्वतःकडेच ठेवतो. काहींना जबाबदारी नकोच असते, त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर आठवडाभर तुमच्याकडे आलेले सगळे प्रश्न वहीत लिहा, जो सारखा सारखा येतो आणि चुकला तरी निस्तरता येतो, तो निर्णय सोमवारी एकाच्या नावावर करा, लिमिटसकट.