शहराच्या वेशीवरचे भूआच्छादन मोजताना

पुण्याभोवतीचे भूआच्छादन (जमीन शेती, झाडी, पाणी, बांधकाम यांपैकी कशाने व्यापली आहे ते) आणि वाढते बांधकाम उपग्रहचित्रांवरून मोजण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी अभ्यासाची हद्द म्हणून महापालिकेची हद्द घेऊ नये, असे मी आधीच सांगेन. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. त्यामुळे एकही वीट न रचता शहरातल्या बांधकामाचा आकडा वाढतो. शहराच्या मध्यापासून ठरावीक अंतरांची वर्तुळे आखून सर्व वर्षांसाठी तीच कायम ठेवावीत.

चित्रे निवडताना घाई करू नये. पावसाळ्यातली चित्रे ढगांनी वाया जातात, आणि मे महिन्यातल्या चित्रात नांगरलेले रान व उघडा कातळ संगणकाला बांधकामासारखेच दिसतात. एकाच वर्षाची ऑक्टोबरअखेरची आणि एप्रिलची चित्रे शेजारी ठेवली, तर जे एकदा तरी हिरवे झाले ते बांधकाम नव्हे, एवढे ठरते. दगडखाणी मात्र हातानेच वगळाव्या लागतात.

लँडसॅट उपग्रहांच्या चित्रातला 30 मीटरचा एक चौकोन (पिक्सेल) म्हणजे 900 चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जवळपास नऊ गुंठे. गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटिंगमधले सुटे घर त्यात शेतातच जमा होते. सेंटिनेल-2 या उपग्रहांचा 10 मीटरचा चौकोन साधारण एका गुंठ्याचा असल्याने हे चित्र सुधारते. पण त्याची सामग्री 2015 नंतरचीच आहे, आणि नव्वदच्या दशकाशी तुलना करायची तर लँडसॅटला पर्याय नाही.

सर्वाधिक गफलत विविधतेच्या निर्देशांकात होते. समजा, एका गावात शेती 80 टक्के, पडीक 10, बांधकाम 5, झाडी 3 आणि पाणी 2 टक्के आहे. शॅनन निर्देशांक, म्हणजे अशा वाट्यांवरून विविधता मोजणारा आकडा, सुमारे 0.74 येतो. पुढे शेती 5 आणि बांधकाम 80 टक्के झाले, तरी उत्तर तेच, कारण सूत्राला फक्त वाटे कळतात, ते कशाचे आहेत हे कळत नाही. मधल्या टप्प्यात, शेतांमध्ये इमारती उगवत असताना, निर्देशांक वर चढतो आणि अहवालात ‘विविधता वाढली’ असे समाधानाने लिहिले जाते. त्यामुळे कोणत्या वर्गातली किती जमीन कोणत्या वर्गात गेली, याची सारणी जोडलेली नसेल, तर असा अहवाल मी तपासायलाही घेत नाही.