गोड्या पाण्यातला बास खावा की सोडून द्यावा? घरी आणायचा असेल तर असं करा

माझा भाचा टेक्सासला असतो, सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकायला जातो. मध्ये त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, हिरवट अंगाचा, मोठ्या जबड्याचा मासा, दीड वीत लांब, आणि खाली मेसेज, "मावशी, हा लार्जमाऊथ बास. इथले मित्र म्हणतात सोडून दे, चिखलासारखा लागतो. काय करू?" मी म्हटलं घरी ने, आणि मी सांगते तसं कर. मी माहीमला राहते पण माहेर पेणचं, तळ्यातला जिताडा खाऊन वाढलेली, आणि जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबासच म्हणतात. तसे हे दोघे एका घरातले नाहीत, लार्जमाऊथ सनफिशच्या कुळातला आहे, पण दोघंही शिकारी, दोघांचं मांस पांढरं, घट्ट, आणि रोहू-कटल्याच्या मांसात जे बारीक दुफाट्याचे काटे येतात ते यांच्यात नसतात, मुलांना देताना त्या बारीक काट्यांची भीती नाही.

एक घोळ आधी मिटवते. आपल्याकडे हॉटेलात फिश फिंगरमध्ये जो स्वस्त पांढरा तुकडा येतो तो बासा, म्हणजे पंगास, मागूरसारखा मिशीवाला मासा. त्याचा आणि बासचा काही संबंध नाही.

आता चिखलाचा वास. तो खरंच येतो, पण त्यात माशाचा दोष नाही, तो पाण्याचा. पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास सुटतो ना, ज्याच्यासाठी आपण खिडकीत जाऊन उभे राहतो, तो ज्या पदार्थामुळे येतो त्याचं नाव जिओस्मिन, आणि साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि तळाच्या गाळातले जिवाणू तेच तयार करतात. ते माशाच्या चरबीत जाऊन बसतं. आपल्या नाकाला ते इतकं कमी असलं तरी कळतं की एका तुकड्यावरून अख्खं कालवण नकोसं होतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिलं पाणी बघा. हिरवंगार, साय धरलेलं, उन्हाळ्यात तापलेलं तळं असेल तर मासा सोडून द्या, थंड आणि वाहत्या पाण्यातला असेल तर ठेवा. आणि सांडपाणी येत असेल तर चवीचा प्रश्नच नाही, खायचाच नाही. आपल्याकडे पवई तलावावर गळ टाकणारे दिसतात, मला त्यांचा छंद समजतो, पण त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळतं, तो मासा मी पोराबाळांच्या ताटात वाढणार नाही.

दुसरं, साईज. इथे आपली सवय उलटी आहे, आपल्याला मोठा मासा म्हणजे भारी वाटतो. शिकारी मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका त्याच्या अंगात पारा जास्त साठतो, आणि तो धुवून, तळून, शिजवून जात नाही. म्हणून अमेरिकेत कित्येक राज्यं कुठल्या तळ्यातला बास महिन्यात किती खावा याची यादीच काढतात, ती बघून घ्यायची, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तर नक्कीच. भाच्याला सांगितलं, बारा ते पंधरा इंचाचा ठेव, त्याहून मोठा सोड, तो पुढची पिल्लं घालेल. तळ्यात छोट्या बासची गर्दी झाली असेल तर थोडे काढल्याने उरलेल्यांना खायला मिळतं, ते चांगले वाढतात. फक्त तिथलं लायसन्स, किमान लांबी आणि दिवसाला किती मासे हा नियम आधी बघायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि लोक तीच चुकवतात. मासा धरला की दोरीला बांधून कोमट पाण्यात दोन तास लटकवू नका. लगेच डोक्यात मारून कल्ले कापायचे, रक्त वाहू द्यायचं आणि सरळ बर्फात. मीही एकदा जून महिन्यात घाईघाईत तळ्यातला जिताडा घेतला, दुकानात तो सकाळपासून बर्फाशिवाय पडलेला, मी कल्ला उघडून बघितलाच नाही. मसाला घातला, कोकम घातलं, तरी घरभर वास, शेवटी टाकून द्यावा लागला, आणि मासा टाकताना जिवावर येतं हो. तेव्हापासून कल्ला लालभडक आहे का बघते आणि तिथेच नाक नेऊन वास घेते, मातीचा वास तिथेच कळतो. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात तेव्हा मुंबईत तळ्यातला जिताडा बराच येतो, रंगाने तो खाडीतल्यापेक्षा बहुतेक वेळा काळपट असतो. कोळीण मावशीला सरळ विचारायचं, तळ्यातला की खाडीचा, ती खरं सांगते.

चौथं, साफसफाई. इथे हात आखडू नका. पोट उघडलं की आत काळी पातळ साल असते, ती बोटाने खरवडून पूर्ण काढा, पाठीच्या कण्याला चिकटलेलं रक्त जुन्या टूथब्रशने घासा. मग माशाची वरची साल काढून टाका. हो, जिताड्याची तळलेली साल मलाही आवडते, पण पाण्याची खात्री नसेल तर ती आणि पोटाकडची चरबी दोन्ही जाऊ द्या. आता तुकडा उजेडात धरा, मधोमध लांब लालसर-तपकिरी पट्टा दिसेल, दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन तो पट्टा उचलून काढायचा. एवढं केलं की वासाचं बरंचसं काम तिथेच संपतं.

पाचवं, आंबट. माझी आई तळ्यातल्या माशाला कोकमाचं आगळ चोळल्याशिवाय हातच लावायची नाही, मला वाटायचं रीत आहे, पण आंबटाने जिओस्मिन खरंच मोडतं. हळद, मीठ आणि आगळ किंवा लिंबू, वीस मिनिटं, जास्त नाही, नाहीतर मांस भुसभुशीत होतं. नंतर ते पाणी निथळून टाकायचं, त्यातच मसाला घालायचा नाही.

मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, लाल तिखट, तांदळाचं पीठ आणि रवा, आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस. मांस मधोमध पांढरं होऊन पाकळ्या सुटायला पाहिजेत, गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खायचा नाही, त्यात जंत असू शकतात.

भाच्याला तिथे कोकम मिळालं नाही, त्याने लिंबावर भागवलं. रात्री रिकाम्या ताटाचा फोटो आला, आणि खाली, "मावशी, डोकं उरलंय, त्याचं काय करू?" कल्ले काढून टाक, चिंच घालून आंबट-तिखट कालवण कर, आणि भात जरा जास्त लाव.