वादळी भागात घराला नवं साइडिंग: खर्चाचा हिशेब आतून बाहेर मांडा

साइडिंग, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या घराच्या भिंतींवर बाहेरून बसवलेलं फळ्यांचं आवरण, बदलायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची. फिकट निळा की राखाडी, लाकडासारख्या रेषा हव्यात की साधा सपाट पृष्ठभाग. जिथे वर्षाआड तरी मोठं वादळ येतं तिथे ही चर्चा सगळ्यात शेवटी ठेवा. पैसे आधी भिंतीच्या दुरुस्तीला, मग पाणी अडवणाऱ्या थराला, मग खिळ्यांना आणि उरतील त्यातून बाहेरच्या फळ्यांना, असा क्रम लावला तर बजेट सहसा कोलमडत नाही.

वारा साइडिंगला भिंतीवर दाबतो, असा सर्वसाधारण समज असतो. समोरच्या भिंतीपुरतं ते खरंही आहे. पण बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर तोच वारा फळ्या बाहेर ओढतो, आणि ही ओढ घराच्या कोपऱ्यांपाशी सर्वाधिक असते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा १४० वर गेला की दाब जवळजवळ दुप्पट होतो. कोपरे आणि कडा यांच्यावर हात आखडता घेऊ नका, ते याचसाठी.

आधी भिंत तपासा

एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घराभोवती चक्कर मारा. खिडकीच्या खालची बाजू, छप्पर भिंतीला मिळतं तो सांधा, जमिनीलगतची सर्वांत खालची फळी आणि पावसाचं पाणी उतरवणाऱ्या नळाची मागची बाजू, या चार ठिकाणी लाकडात टोक दाबून बघा. चांगलं लाकूड टोकाला दाद देत नाही. कुजलेलं असेल तर टोक भिजल्या बिस्किटात शिरावं तसं आत जातं. सापडेल त्याचा फोटो काढा, जागा लिहून ठेवा. तरीही जुनं साइडिंग उतरल्याशिवाय खरं चित्र कळत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात १५ ते २० टक्के रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी ठेवा, आणि ती स्वयंपाकघराच्या उंची फरशीसाठी मनातल्या मनातही खर्च करू नका.

मोजमाप स्वतः घ्या

मिस्त्री मोजेलच, पण आपला आकडा आपल्याकडे असावा. समजा घर १२ बाय ९ मीटर आहे आणि भिंतींची उंची साडेपाच मीटर. परिघ ४२ मीटर, म्हणून भिंती २३१ चौरस मीटर. उतरत्या छपराखालचे दोन त्रिकोण, पाया ९ आणि उंची अडीच मीटर धरून, मिळून साडेबावीस. एकूण २५३.५. दारं-खिडक्यांचे २२ वजा केले की २३१.५ उरतात आणि कापाकापीत वाया जाणारे १० टक्के मिळवले की साधारण २५५. गंमत बघा, वजाबाकी आणि नासधूस यांनी एकमेकांना जवळपास फेडलं. म्हणूनच अनेक कारागीर दारं-खिडक्या वजाच करत नाहीत. मात्र कोणी त्या न वजा करता वर पुन्हा १५ टक्के लावत असेल, तर कारण विचारा.

सामान निवडताना

व्हिनाइल, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, हलकं आणि स्वस्त, रंगवावं लागत नाही. पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं आणि गारांनी तडकू शकतं. घ्यायचंच असेल तर जिथे खिळे बसतात ती कड दुमडून दुपटीची केलेली जात बघा. फायबर सिमेंट (तंतू मिसळून केलेलं सिमेंट) जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही, गारांनाही ते बऱ्यापैकी तोंड देतं. पण वजनदार असल्याने मजुरी वाढते, आणि कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून योग्य मास्क हवाच. ॲल्युमिनियमला पोचे पडतात. पोलादी पत्रा मजबूत, पण समुद्राजवळ त्याच्या कापलेल्या कडा आधी गंजतात. माझा कल फायबर सिमेंटकडे आहे, पण वाईट बसवलेल्या फायबर सिमेंटपेक्षा नीट बसवलेलं व्हिनाइल मी कधीही पत्करेन.

कुठलंही सामान घ्या, ते किती वाऱ्याच्या दाबाला तपासलेलं आहे ते विचारा. त्यासोबत आणखी एक प्रश्न: हा आकडा किती अंतरावर खिळे मारून मिळाला? खिळे विरळ झाले की माहितीपत्रकावरचा आकडा कागदावरच राहतो. समुद्रकाठी खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. घराच्या एकूण खर्चात हा फरक किरकोळ असतो.

कोटेशन फोडून मागा

एकगठ्ठा रक्कम लिहिलेलं कोटेशन परत करा. जुनं काढणं आणि उचलून नेणं, कुजलेली फळी बदलण्याचा प्रति चौरस मीटर दर, साइडिंगखालचा भिंतीवरचा जलरोधक पडदा, खिडक्या-दारांवरच्या पाणी वळवणाऱ्या पट्ट्या, कोपऱ्यांचे तुकडे, साइडिंग, खिळे, परांची, मजुरी, परवानगी, सगळं वेगवेगळ्या ओळीत हवं. कुजलेल्या फळीचा दर आधीच ठरलेला नसेल, तर भिंत उघडी पडल्यावर तुमच्या हातात घासाघीस करायला काहीच उरत नाही. तीन कोटेशनांपैकी एक फारच स्वस्त असेल तर बहुधा पडदा किंवा पट्ट्यांची ओळच त्यात नसते.

विम्याचे कागद याच टप्प्यावर काढा. वादळासाठी तुम्हाला स्वतः सोसावी लागणारी रक्कम काही पॉलिसींत वेगळी असते. भरपाई नव्या सामानाच्या किमतीने मिळते की घसारा कापून, तेही बघा. आजच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवले की पुढे दावा करताना वाद कमी होतात.

काम वादळाच्या हंगामाआधी उरकेल अशा बेताने सुरू करा. वादळ ओसरताच दारावर येऊन ‘आज सही करा, सवलत देतो’ म्हणणाऱ्याला तर आगाऊ रक्कम देऊच नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: सामान आल्यावर काही, पडदा आणि पट्ट्या तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यावर काही, आणि एक मोठा हप्ता शेवटच्या पाहणीपर्यंत राखून ठेवा.

पाहणी कशी कराल

पडद्याचा वरचा थर खालच्या थरावर आलेला हवा, घराच्या कौलांसारखा. उलटा असेल तर पाणी आत जाईल. व्हिनाइलची फळी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे सरकवून बघा. ती थोडी हलली पाहिजे. व्हिनाइल उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, म्हणून ते टांगायचं असतं, घट्ट ठोकायचं नसतं. खिळा खाचेच्या मध्यभागी, आणि त्याच्या डोक्याखाली साधारण एक मिलिमीटर फट. फळी जागची हलत नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच ती लाटांसारखी फुगेल. फायबर सिमेंट मात्र जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर वर संपायला हवं, आणि त्याच्या कापलेल्या कडांना रंग लागलेला हवा.

हिशेब मिटवण्याआधी त्याच लॉटच्या एक-दोन पेट्या फळ्या मागून घ्या आणि सावलीत आडव्या ठेवा. पुढे वादळात समोरची फळी गेली तर नवी तिथे लावू नका. ऊन खाल्लेल्या जुन्या रंगात ती ठिगळासारखी दिसेल. मागच्या भिंतीवरची जुनी फळी काढून पुढे लावा आणि नवी मागे.